आग्रा रोडवरचा नाईक

धुळे शहराच्या मुख्य बाजारपेठेचे नावच आग्रा रोड आहे. कापड, भांडी, सोनेनाणे घ्यायला येणाऱ्या गर्दीतल्या फार थोड्यांना आठवत असेल, की मुंबईहून थेट आग्र्याला जाणारी जुनी वाट ती हीच. महामार्ग आता गावाबाहेरून जातो. त्याला राष्ट्रीय महामार्ग 52 असा नवा क्रमांकही मिळाला आहे, पण ट्रकवाल्यांच्या तोंडी तो अजून आग्रा रोडच आहे. 1857 मध्ये माळव्यातली अफू, इंदूरचे रुपये, कंपनीच्या पलटणी आणि तारायंत्राचे खांब, सगळे याच रस्त्याने सातपुडा ओलांडत. खानदेशात आगगाडी यायला अजून काही वर्षे होती. त्यामुळे ज्याच्या हाती सेंधव्याचा घाट, त्याच्या हाती मुंबई इलाख्याची उत्तरेकडची दोरी. ही दोरी काही काळ एका भिल्ल नाईकाच्या हाती होती. आधी इंग्रजांच्या वतीने आणि नंतर इंग्रजांच्या विरुद्ध.

खाज्या नाईक त्यांचे नाव. जुन्या कागदांत कुठे काजेसिंग, कुठे कजरसिंग आणि आजच्या फलकांवर कुठे ख्वाजा नाईक असेही ते लिहिलेले आढळते. धुळ्याहून शिरपूर, तिथून सेंधवा घाट आणि परत सातपुड्याच्या कडेकडेने चोपडामार्गे धरणगाव, असा फेरा केला की त्यांच्या आयुष्याचा जवळजवळ सगळा भूगोल डोळ्यांखालून जातो. मोजक्या तालुक्यांत मावणारा हा भूगोल, पण त्यात भारतातल्या एका मोठ्या युद्धाचा एक फार कमी वाचला गेलेला भाग दडलेला आहे.

सुरुवात धुळ्यापासूनच करावी लागते, कारण हे शहर ज्या कारणाने वाढले तेच खाज्या नाईकांच्या नोकरीचे कारण होते. 1818 मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश कंपनीच्या ताब्यात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा पहिला इंग्रज अधिकारी इथे आला. पांझरेकाठचे धुळे त्याने मुख्य ठाणे म्हणून निवडले आणि जुन्या गावाशेजारी नवी पेठ आखली. समोरचा मुलूख मात्र उजाड होता. होळकर आणि शिंद्यांच्या लढाया, पेंढाऱ्यांच्या धाडी आणि 1803-04 चा दुष्काळ यांनी गावेच्या गावे ओस पाडली होती. गावचे जागले म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पहारा करणारे भिल्ल हक्क बुडाल्यावर डोंगरात गेले होते आणि तिथून खाली उतरून लुटालूट करत होते. ब्रिग्जने आधी बंदूक चालवून पाहिली. तिने डोंगर रिकामे होईनात, तेव्हा नाईकांना तनखा आणि घाटांच्या राखणीचे वेतन सुरू झाले. चोरापासून वाट सांभाळायची तर वाटेची जाण असलेला माणूसच पाहिजे, हा त्यामागचा साधा हिशेब होता.

धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी गेले आणि त्यांच्या मागे राहिलेल्या दप्तरांसाठी लगेच 1927 मध्ये ही संस्था उभी राहिली. कागद जपण्याचे वेड असलेल्या या शहरातून खाज्या नाईकांच्या शोधाला निघताना एक गोष्ट खटकते. त्यांच्या हातचा म्हणून दाखवता येईल असा कागद नाही. जे आहे ते बहुतेक त्यांच्या शत्रूने लिहिलेले.

धुळ्याबाहेर पडले की थोड्याच वेळात उजवीकडे सोनगीरची टेकडी आणि तिच्यावरचा किल्ला दिसतो. गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले आहे. स्टीलने बाजार खाल्ला तरी तांबटांची ठोकठोक पूर्ण थांबलेली नाही. नरडाण्यानंतर जमीन सपाट होत जाते. हिवाळ्यात दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी आणि दादर ज्वारीची हिरवी शेते. ढाब्यांवर शेवभाजीचा लाल तवंग आणि सोबत कळण्याची भाकरी. मग तापीचा लांब पूल येतो. दख्खनच्या बहुतेक नद्या पूर्वेला जातात, तापी मात्र पश्चिमेला, सुरतेकडे जाते. तिच्या काठाचा गाळ इतका खोल आहे, की विहीर खणणाऱ्याला खडक लवकर लागत नाही.

शिरपूर हे पुलापलीकडचे पहिले मोठे गाव. अलीकडच्या काळात त्याचे नाव महाराष्ट्रभर झाले ते ‘शिरपूर पॅटर्न’मुळे. 2004 च्या सुमारास भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी इथले नाले रुंद आणि खोल करून त्यांवर बंधारे घालायला सुरुवात केली. वरचा कमी झिरपणारा थर काढला की पावसाचे पाणी थेट भूगर्भात उतरते, एवढेच त्यामागचे सूत्र. आटलेल्या विहिरींना पाणी आले.

शिरपूरपासून आडवाट करून तापीकाठच्या थाळनेरला जायलाच हवे. खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याची ही सुरुवातीची राजधानी. गावाबाहेर त्यांच्या कबरींचे घुमट उभे आहेत. किल्ल्याचा बराच भाग नदीने आणि काळाने नेला. याच किल्ल्यावर फेब्रुवारी 1818 मध्ये सर थॉमस हिस्लॉपची फौज आली. किल्लेदार तुळशीराम मामा खाली उतरून स्वाधीन झाला. वर दारापाशी चकमक उडाली, त्यात इंग्रज अधिकारी पडले. सूड म्हणून आतली शिबंदी कापली गेली आणि किल्लेदाराला फाशी दिले. या फाशीबद्दल पुढे लंडनच्या पार्लमेंटमध्येही प्रश्न विचारले गेले. खानदेशात इंग्रजी अंमल असा सुरू झाला. खाज्या नाईकांच्या आधीच्या पिढीने तो याच रूपात पाहिला.

शिरपूर सोडल्यावर रस्ता हळूहळू चढू लागतो. सागाची झाडे दिसू लागतात, शेतांचे तुकडे लहान होतात आणि पाट्यांवर पाड्यांची नावे येतात. पावरा आणि भिल्ल यांचा हा मुलूख. पळासनेर हे महाराष्ट्राच्या हद्दीतले शेवटचे मोठे गाव. त्यापुढे बिजासन घाट, म्हणजेच सेंधवा घाट, आणि घाटात बिजासनी मातेचे मंदिर. मालाने भरलेले ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत वर चढतात, अनेक चालक देवीपुढे नारळ फोडून पुढे जातात. घाटमाथ्यापलीकडे मध्य प्रदेशाच्या बडवानी जिल्ह्यातले सेंधवा. तिथे जुना दगडी किल्ला आहे. त्या काळी हा होळकरांचा मुलूख होता.

इथे थांबल्यावर प्रवाशाला पहिल्यांदा कळते, की घाटाची नाईकी म्हणजे नेमके काय. सलग मैलोन्‌मैल दोन्ही बाजूंना झाडी आणि ओढ्यांच्या घळी आहेत. बैलगाड्यांचा तांडा एका दिवसात हा टप्पा पार करू शकत नसे. मुक्काम करावाच लागे. मुक्कामाला पहारा नाईकाच्या माणसांचा. मालाची जबाबदारी त्यांची, चोरी झाली तर चोर शोधून द्यायचा तोही त्यांनीच. खाज्या नाईकांचे वडील गुमान नाईक यांच्याकडे ही राखण होती, ती पुढे मुलाकडे आली. सुमारे 20 वर्षे खाज्या नाईकांनी कंपनीच्या पगारावर घाट सुरक्षित ठेवला. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांच्या कामाची वाखाणणी केली होती.

मग नशीब फिरले. 1850 च्या सुमारास त्यांच्या ताब्यातला एक संशयित मारहाणीत मेला. खटला झाला आणि 10 वर्षांची शिक्षा झाली. चांगल्या वर्तणुकीमुळे ते मुदतीआधी सुटले, पण नाईकी गेलेली होती. 1857 मध्ये मेरठ आणि दिल्लीच्या बातम्या आग्रा रोडने खाली येऊ लागल्या, तेव्हा घाबरलेल्या सरकारने त्यांना पुन्हा कामावर बोलावले. ही चाकरी फार दिवस टिकली नाही. खाज्या नाईक डोंगरात गेले आणि सातपुड्याचे दुसरे मोठे नाईक, भीमा नाईक, त्यांना येऊन मिळाले.

या प्रसंगाकडे फक्त अपमानित नोकराचा राग म्हणून पाहणे सोपे आहे आणि इंग्रजी कागदांनी तेच केले. पण एकट्याच्या रागाने शेकडो माणसे जमत नाहीत. कर्ज देणारे सावकार, हातातून निसटत जाणारे रान आणि बुडालेले वतनी हक्क या तक्रारी सगळ्या पाड्यांच्या होत्या. खाज्या नाईकांकडे त्यांना एकत्र बांधणारी गोष्ट होती. सरकारच्या चौक्या कुठे, टपाल कधी जाते, खजिन्यासोबत किती शिपाई असतात, हे त्यांना वीस वर्षांच्या सरावाने माहीत होते.

नोव्हेंबर 1857 मध्ये ते ज्ञान कामी आले. इंदूरहून मुंबईकडे निघालेला सुमारे 7 लाख रुपयांचा खजिना या घाटात लुटला गेला. अफूच्या गाड्या अडवल्या गेल्या. तारा तोडल्या गेल्या. मुंबई आणि मध्य भारत यांच्यातला हा दुवा अधूनमधून तुटू लागला. उत्तरेतल्या लढाईसाठी मुंबईकडून जाणाऱ्या प्रत्येक तुकडीला या घाटाचा विचार करावा लागला. उठावाच्या इतिहासात झाशी, कानपूर, लखनौ यांच्या पंक्तीला सेंधवा घाट बसत नाही, पण लष्करी नकाशावर त्याचे वजन कमी नव्हते.

11 एप्रिल 1858 ची आंबापाणीची लढाई याच डोंगरांत झाली. मेजर इव्हान्सच्या हाताखालच्या फौजेने भिल्लांच्या मुख्य तळाला गाठले. इंग्रजांकडे शिस्तबद्ध पलटणी होत्या. समोर तोड्याच्या बंदुका, तीरकमठे आणि दगडांआड बसलेली माणसे, काही मकरानी आणि अरब शिपाई. खडकांच्या आडोशाने लढाई बराच वेळ चालली आणि इंग्रजी फौजेचीही हानी झाली. खाज्या नाईकांचा मुलगा इथे पडला. लढाई संपल्यावर जे घडले ते लढाईपेक्षा भयंकर होते. पकडलेल्यांपैकी पन्नासहून अधिक जणांना जागेवरच लष्करी न्यायालयापुढे उभे करून गोळ्या घातल्या. शेकडो बायकांना पकडून नेले. त्यांत नाईकांच्या घरच्या बायकाही होत्या. पुरुष शरण यावेत म्हणून बायका-मुले ओलीस ठेवायची, ही पद्धत सरकारी पत्रव्यवहारात कोणताही आडपडदा न ठेवता नोंदवलेली आहे.

खाज्या नाईक मात्र हाती लागले नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरात तात्या टोपे नर्मदा उतरून याच पट्ट्यात आले, बडवानीजवळ राजपूरला त्यांची इंग्रजांशी गाठ पडली. सातपुडा तोवर धुमसत होता. अखेर 1860 मध्ये विश्वासातला म्हणून जवळ राहिलेल्या एका मकरानी जमादाराने दगा करून खाज्या नाईकांना मारले. भीमा नाईक पुढे काही वर्षे निसटत राहिले. शेवटी पकडले गेले, अंदमानात पाठवले गेले आणि 1876 मध्ये पोर्ट ब्लेअरला वारले.

परतीची वाट पळासनेरहून खाली उतरून पूर्वेला वळते. अनेर नदी ओलांडली की धुळे जिल्हा संपून जळगावचा चोपडा तालुका लागतो. डाव्या हाताला सातपुड्याची निळी भिंत आणि उजव्या हाताला तापीचा सपाट गाळ. भिंतीच्या पायथ्याशी मका, तूर आणि मोहाची झाडे, तर नदीकडे केळीच्या बागा आणि ठिबकच्या नळ्या. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे घड दिल्लीच्या बाजारापर्यंत जातात आणि त्यांची कापणी, भरणी करणाऱ्या मजुरांत डोंगरातून उतरलेले पावरा-भिल्ल मोठ्या संख्येने असतात.

होळीच्या आधीच्या आठवड्यात इथे आलेल्या माणसाला वेगळेच दृश्य दिसते. भोंगऱ्या बाजार भरतात. गावोगावचे लोक ढोल, बासऱ्या घेऊन, चांदीचे दागिने घालून बाजाराला येतात. होळीची खरेदी, भेटीगाठी आणि नाच एकाच दिवशी. इंग्रज कागदांत ज्या लोकांचा उल्लेख बहुतेक वेळा ‘टोळी’ म्हणून येतो, त्यांचा बाजार, नाते, देणेघेणे किती घट्ट विणलेले आहे हे तिथे कळते. खाज्या नाईकांची हाक एका पाड्यातून दुसऱ्या पाड्यात कशी पोहोचली असेल, याचे उत्तर शोधायला दप्तरात जायची गरज उरत नाही.

चोपड्याहून तापी ओलांडून दक्षिणेला धरणगाव. कापसाच्या जिनिंगचे हे जुने गाव. सतराव्या शतकात इथे इंग्रजांची कापडाची वखार होती. बालकवी ठोंबरे 1890 मध्ये इथेच जन्मले. मराठी वाचकाच्या मनात धरणगाव म्हणजे बालकवी. परंतु भिल्लांच्या इतिहासात या गावाचा अर्थ वेगळा आहे. 1825 मध्ये जेम्स औट्राम या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटने इथे भिल्लांची पलटण उभी केली. आधी तो डोंगरातल्या टोळ्यांवर चालून गेला. मग त्यांच्यात जाऊन राहिला, शिकारी केल्या, जखमींची शुश्रूषा केली आणि त्यांच्यातूनच शिपाई भरती केले. पहिल्या मूठभर रंगरूटांची पुढे शेकडोंची पलटण झाली. 1857 मध्ये ही पलटण कंपनीच्याच बाजूने राहिली. म्हणजे सातपुड्यात त्या वर्षी एकाच समाजाची माणसे बंदुकीच्या दोन्ही टोकांना होती.

औट्रामचे पुढे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे. नोव्हेंबर 1857 मध्ये सेंधवा घाटात खजिना लुटला जात होता, तेव्हा तो लखनौच्या वेढ्यात होता. दुसऱ्या वर्षी त्याला बॅरोनेट ही पदवी मिळाली. 1863 मध्ये तो वारला आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरला गेला. लंडनमध्ये टेम्सकाठी त्याचा पुतळा आहे, कोलकात्यात घोड्यावरचा पुतळा आहे. खाज्या नाईकांचे शिर मात्र धरणगावला आणून भिल्ल पलटणीच्या ठाण्याजवळ निंबाच्या झाडाला टांगले, असे गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. ज्या पलटणीने औट्रामला नाव दिले, त्याच पलटणीच्या दारात ही दहशत मांडली गेली.

सन्मान उशिरा मिळणे ही केवळ बंडखोरांचीच गोष्ट नाही. व्हिक्टोरिया क्रॉस 1856 मध्ये सुरू झाला, पण हिंदी शिपायांना तो मिळण्याची मुभा 1911 पर्यंत नव्हती. रायगड जिल्ह्यातले यशवंत घाडगे मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक या हुद्द्यावर होते. 10 जुलै 1944 रोजी इटलीत शत्रूच्या मशिनगनवर एकट्याने धावून जाऊन लढताना ते पडले. त्यांना तो क्रॉस मरणोत्तर मिळाला. तरीही ज्या मातीत ते पडले, त्या इटलीतल्या माँटोने गावात त्यांच्या नावाचे छायाघड्याळ उभे राहायला 2023 साल उजाडले. सरकारने ज्याला पदक दिले त्याची ही कथा, तर सरकारने ज्याला दरोडेखोर ठरवले त्याला किती काळ लागणार?

बराच लागला. 1880 च्या खानदेश गॅझेटिअरमध्ये खाज्या नाईक येतात ते बंदोबस्ताच्या प्रकरणात, लुटारू म्हणून. 1957 मध्ये, उठावाच्या शताब्दीला, मुंबई सरकारने स्वातंत्र्य चळवळीच्या इतिहासाची साधने छापायला सुरुवात केली. 1818 ते 1885 या काळाच्या पहिल्या खंडात इंग्रज अधिकाऱ्यांचीच पत्रे होती, परंतु तीच आता लढ्याचा पुरावा म्हणून वाचली जाऊ लागली. शाळेच्या पुस्तकात मात्र खानदेशचा स्वातंत्र्यलढा म्हटला की नंदुरबारचा शिरीषकुमार आठवतो. 1942 च्या गोळीबारात गेलेल्या त्या मुलाचे नाव घराघरांत पोहोचले, ते योग्यच झाले. त्याच्या आधी 84 वर्षे आंबापाणीला पडलेल्यांना तसे कोणी मोजले नाही.

सातपुड्याच्या पलीकडे मध्य प्रदेशाने भीमा नाईकांचे स्मारक बडवानी जिल्ह्यात ढाबा बावडीला केले. 2021 पासून देशभर 15 नोव्हेंबर हा जनजातीय गौरव दिवस झाला. धरणगावात खाज्या नाईकांच्या स्मृतीसाठी स्थानिक कार्यकर्ते दीर्घकाळ झटले, कार्यक्रम घेत राहिले आणि आता गावात त्यांचे स्मारक उभे आहे. 2025 मध्ये मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. मृत्यूनंतर तब्बल 165 वर्षांनी.

या फेऱ्यात सर्वांत जास्त जाणवते ती ही गोष्ट, की स्मारक झाले म्हणून काम संपत नाही, उलट आता ते कुठून सुरू करायचे हे कळते. खाज्या नाईकांना सैनिक म्हणून वाचायला हवे. घाटाची राखण हे लष्करी काम होते, खजिन्यावरचा हल्ला ही लष्करी मोहीम होती आणि आंबापाणी ही लढाई होती. त्या लढाईनंतर गोळ्या घातलेल्या माणसांना आणि पकडून नेलेल्या शेकडो बायकांनाही नावे होती. मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात त्या काळची इंग्रजी आणि मोडी दप्तरे आहेत, धुळे-जळगावात मोडी वाचणारे अभ्यासक आहेत, सातपुड्याच्या पाड्यांत नाईकांच्या वंशावळी तोंडपाठ असणारी म्हातारी माणसे आहेत. या तिघांना एकत्र बसवून आंबापाणीच्या माणसांची यादी करावी आणि ती धरणगावच्या स्मारकावर कोरावी. तोंडपाठ वंशावळी सांगणारी पिढी थकत चालली आहे, तेव्हा हे काम खानदेशातल्या महाविद्यालयांनी आणि संशोधन संस्थांनी येत्या काही वर्षांतच हाती घ्यायला हवे.